‘स्माईल प्लीज’ म्हटले की चेहरा ताठ का होतो?

तुळशीचे लग्न लागले की आमच्या पिंपळगाव परिसरात दोन कामांची एकदम घाई सुरू होते. बागांमध्ये द्राक्षघडांची विरळणी आणि घरांमध्ये लग्नाची बोलणी. बोलणी पक्की झाली की सुपारी, साखरपुडा, बस्ता. आणि आता त्यात भर पडली आहे ती ‘प्री-वेडिंग’ची. वीस वर्षांपूर्वी हा शब्द इथे कोणाला ठाऊक नव्हता. आज चांदवडच्या डोंगरापासून नाशिकच्या गंगापूर धरणापर्यंत, नाहीतर कोणाच्या तरी मळ्यातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली, रविवारी सकाळी एखादे जोडपे आणि त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसलेला फोटोग्राफर दिसतोच.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचा यात काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध येतो. पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा केसपेपर काढून येतो, आधी ॲसिडिटी सांगतो, मग झोप लागत नाही म्हणतो आणि उठता उठता विचारतो, “साहेब, फोटो काढताना माझा चेहरा लाकडासारखा होतो. त्याच्यावर काही गोळी असते का?” मुली हाच प्रश्न आईला बाहेर थांबवून विचारतात. विचारताना दोघांच्याही आवाजात थोडी लाज असते. हा प्रश्न मला मात्र हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. तो मेंदू, स्नायू आणि भीती या तिन्हींचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे बऱ्यापैकी आहे.

आधी हसण्याबद्दल. आपण ‘हसणे’ असा एकच शब्द वापरतो. पण मेंदूच्या दृष्टीने हसण्याच्या वाटा दोन आहेत. कोणी ‘हसा’ म्हटले म्हणून आपण हसतो तेव्हा हुकूम निघतो मेंदूच्या वरच्या थरातून, म्हणजे हातपाय मनाप्रमाणे हलवण्याचे काम जो भाग करतो तिथून. गंमत वाटली म्हणून हसू फुटते तेव्हा ते मेंदूच्या खोल, भावनांशी जोडलेल्या भागांतून येते. दोन्ही वाटा शेवटी चेहऱ्याच्या त्याच नसेपाशी येऊन मिळतात. पण वरचा रस्ता वेगळा.

हे पुस्तकी वाटत असेल तर अर्धांगवायूच्या एखाद्या रुग्णाजवळ थोडा वेळ बसून पाहा. त्याला ‘दात दाखवा’ म्हटले की तोंड एका बाजूला ओढले जाते, दुसरी बाजू हलत नाही. आम्ही तशी नोंद करतो. तेवढ्यात त्याचा नातू वॉर्डात येतो, काहीतरी बोबडे बोलतो आणि आजोबा हसतात, काही रुग्णांच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी, अगदी सरळ! नातेवाईकांना वाटते लकवा गेला. तो गेलेला नसतो. हुकमाची वाट बंद पडलेली असते आणि आनंदाची वाट शाबूत असते, एवढेच. याच्या उलटही घडते. पार्किन्सनच्या रुग्णाचा चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो. सांगितले तर तो ओठ फाकवू शकतो, पण आपोआप उमटणारे हसू हरवते. घरच्यांना वाटते म्हातारा रुसला आहे. तो रुसलेला नसतो, आजारी असतो. घरातल्या सणासमारंभाच्या फोटोंत एखादी हसरी व्यक्ती वर्षागणिक गंभीर दिसू लागली असेल, चालही मंदावली असेल, हात थरथरत असेल, तर अल्बम घेऊन डॉक्टरांकडे जायला हरकत नाही. त्या जुन्या फोटोंचा आम्हाला उपयोग होतो.

या दोन हास्यांमधला फरक पहिल्यांदा नीट मांडला तो ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरने. मुलांच्या स्नायूंच्या एका गंभीर आजाराला त्याचेच नाव आहे. १८६२ मध्ये त्याने चेहऱ्याच्या स्नायूंवर एक ग्रंथ काढला आणि त्यात फोटो छापले. चेहऱ्याची संवेदना कमी झालेल्या एका वृद्ध रुग्णाच्या गालांवर विजेची टोके लावून तो एकेक स्नायू आकुंचित करायचा आणि फोटो घ्यायचा. गालाचा स्नायू आवळला की ओठांची टोके वर जात, पण चेहरा आनंदी दिसत नसे. डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आवळला गेला, डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडल्या, तेव्हा ते हसू खरे वाटे. चार्ल्स डार्विनने १८७२ च्या आपल्या पुस्तकात हे फोटो वापरले आणि पुढे पॉल एकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने डोळ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या हास्याला ‘ड्युशेन हास्य’ असे नाव रूढ केले. नंतरच्या संशोधनाने यात एक दुरुस्ती सुचवली आहे : पुष्कळ लोक तसे हसू मुद्दाम आणू शकतात. म्हणून डोळ्याच्या कडेची सुरकुती पाहून कोणाच्या प्रेमाची परीक्षा घेऊ नये. सासरची मंडळी फोटो झूम करून पाहतात म्हणून हे सांगितले.

आता फोटोग्राफर काय करतो ते पाहा. तो म्हणतो, “हं, स्माईल... वन, टू...” आणि मग थांबून लाईट नीट करतो. उत्स्फूर्त हसू साधारण अर्ध्या सेकंदापासून चार सेकंदांपर्यंत टिकते, मग विरते. इथे ते हुकमावर आणून दहा सेकंद धरून ठेवायचे असते. धरलेल्या स्नायूला थकवा येतो, ओठांच्या कडा थरथरतात, जबडा आवळला जातो. त्यात भीतीची भर. कॅमेरा समोर आला की बऱ्याच जणांच्या शरीरात ॲड्रेनलिन वाढते. छातीत धडधड, हात गार, तळव्यांना घाम, तोंडाला कोरड. तोंड कोरडे पडले की वरचा ओठ दाताला चिकटतो आणि हसू वाकडे दिसते. खांदे कानांकडे चढतात. श्वास वरच्या वर चालतो किंवा रोखलाच जातो. हे सगळे शरीर कशासाठी करते? बिबट्या समोर आला तर पळण्यासाठी. (निफाड तालुक्यात उसाच्या फडांशेजारी राहणाऱ्यांना हे उदाहरण वेगळे समजावून सांगायला नको.) कॅमेरा चावत नाही हे बुद्धीला कळते, शरीराला कळायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. इथले अनुभवी फोटोग्राफर म्हणूनच पहिले पन्नास फोटो नुसते ‘हात गरम करायला’ काढतात, ते कोणाला दाखवत नाहीत. वैद्यकीयदृष्ट्या ती पद्धत बरोबर आहे.

कॅमेऱ्याची ही भीती आजची नाही. आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी फोटोग्राफीचा व्यवसाय करत. बडोद्यात त्यांनी स्टुडिओ काढला तेव्हा कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी अफवा पसरली आणि धंदा बसला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी तारामतीचे काम करायला एकही स्त्री तयार होईना. शेवटी मुंबईत ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले आणि १९१३ मध्ये चित्रपट पडद्यावर आला. त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी रोपट्याच्या वाढीचा एक छोटा चित्रपट केला होता, ‘अंकुराची वाढ’. कुंडीतल्या त्या रोपाने कॅमेऱ्यापुढे लाजण्याचा प्रश्न नव्हता.

आपल्या आजी-आजोबांच्या फोटोत ते का हसत नाहीत, याचेही उत्तर थोडेसे तंत्रात आहे. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळात एका फोटोला कित्येक सेकंद, कधी मिनिटे लागत आणि डोके हलू नये म्हणून स्टुडिओत मानेमागे लोखंडी आधार लावत. पुढे फोटो झटपट निघू लागला तरी रिवाज राहिला : फोटो म्हणजे आयुष्यात एक-दोनदा होणारी गंभीर गोष्ट. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा फिलाडेल्फियातला १८८५ चा फोटो प्रसिद्ध आहे. सोबत जपानची आणि सीरियाची अशा दोन सहाध्यायिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, एकीच्याही चेहऱ्यावर हसू नाही. तरी तो फोटो कृत्रिम वाटत नाही. नैसर्गिक दिसणे म्हणजे हसणेच, हा आजचा आग्रह मला पटत नाही. जो मुलगा चारचौघांत कमी बोलतो, गंभीर असतो, त्याचा गंभीर फोटो हाच त्याचा नैसर्गिक फोटो. त्याला हवेत उडी मारायला लावून हाती काय येणार?

आणखी एक तक्रार सर्रास ऐकू येते : “मी आरशात बरी दिसते, फोटोत वाईट दिसते.” याला दोन कारणे आहेत आणि दोन्हींमध्ये तिचा दोष नाही. आपला चेहरा आपण आयुष्यभर आरशात पाहतो, म्हणजे उलटा. डावीकडचा भांग आरशातही डावीकडेच दिसतो. फोटोत तो समोरून पाहणाऱ्याला दिसतो तसा येतो. कोणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, त्यामुळे सवयीचा चेहरा आणि फोटोतला चेहरा यांत सूक्ष्म फरक पडतो. १९७७ मध्ये अमेरिकेत एक छोटा, छान प्रयोग झाला. विद्यार्थिनींना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटा. बहुतेकींनी उलटा पसंत केला. त्यांच्या मैत्रिणींनी मात्र सरळ फोटो निवडला. ज्याला जो चेहरा पाहायची सवय, त्याला तो आवडतो. तेव्हा फोटो निवडताना स्वतःपेक्षा जोडीदाराचे मत अधिक भरवशाचे.

दुसरे कारण मोबाइलचे. एका फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के रुंद दिसते, असे २०१८ मध्ये अमेरिकेतील चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जनांनी गणिताने दाखवून दिले. नाक लहान करायला येणारी तरुण मंडळी पुरावा म्हणून सेल्फी दाखवू लागली, तेव्हा त्यांना हे मोजायची गरज पडली. नाक तेवढेच असते, हात आखूड पडतो. कॅमेरा पाच-सहा फूट लांब गेला की नाक आपोआप जागेवर येते, तेही फुकटात.

लाजणाऱ्याला वाटते की सगळे जग आपल्याकडेच पाहते आहे. यावरही एक मजेशीर अभ्यास आहे. कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर मुले बसलेल्या खोलीत पाठवले. किती जणांनी शर्ट पाहिला असेल, असे विचारल्यावर त्यांचा अंदाज निम्म्याच्या आसपास होता. प्रत्यक्षात सुमारे पाव मुलांनाच तो लक्षात आला होता. फोटोत ‘माझा हात कसा विचित्र दिसतोय’ ही खंत अशीच असते. पाहणाऱ्याच्या नजरेत हात येतच नाही.

पण मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच आहे. आपल्याकडच्या बहुतेक जोडप्यांची ओळख ठरवून झालेली असते. कांदेपोह्यांना एकदा, साखरपुड्याला एकदा, मग फोनवर. आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत एक अनोळखी माणूस, हातात रिफ्लेक्टर धरलेला त्याचा पोऱ्या, मुलीचा धाकटा भाऊ आणि बांधावर जमलेली चार पोरे यांच्यासमोर सांगितले जाते : कपाळाला कपाळ लावा, डोळ्यांत डोळे घाला, आता कमरेला हात. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसे एकमेकांपासून किती अंतर ठेवतात याचा अभ्यास मांडला होता. साधारण दीड फुटाच्या आतली जागा फक्त अगदी जवळच्यांसाठी असते. तिथे कोणी अवेळी आले की शरीर आक्रसते, मान मागे जाते, नजर वळते. मुलगी आखडली तर ती ‘फोटोजेनिक नाही’ असे नव्हे. तिचे शरीर खरे बोलत असते. मुलगाही तितकाच आखडतो, फक्त त्याने तसे म्हणायची सोय नसते.

यावर उपाय सोपा आहे आणि तो पोजच्या आधीचा आहे. अंतर हळूहळू कमी होऊ द्यावे. आधी दोघांना शेजारी शेजारी चालू द्यावे, समोरासमोर उभे करू नये. शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, पावले जुळतात, बोलणे सुचते. बागेच्या ओळीतून चालत जाऊन परत या, असे सांगून फोटोग्राफरने लांबून फोटो घ्यावेत. मग दोघांना मिळून काहीतरी काम द्यावे. चुलीवर चहा ठेवा, घड तोडून क्रेट भरा, ती शिकवेल तशी रांगोळीची एक ओळ काढा. खेळाच्या शास्त्रात एक गोष्ट वारंवार दिसली आहे : लक्ष स्वतःच्या अवयवांवर असले की हालचाल बिघडते, लक्ष बाहेरच्या गोष्टीवर असले की सुधारते. सायकल शिकताना ‘पाय कसे पडतात’ ते पाहू लागलो की आपण पडतो, तसेच. ‘हात नैसर्गिक ठेव’ ही सूचना म्हणूनच निरुपयोगी आहे. हातात काहीतरी द्या, हात नैसर्गिक होतो.

आणि जोडप्यापैकी कोणालाही एखादी पोज नको असेल, तर नको म्हणता आले पाहिजे. शूटच्या आदल्या दिवशी दोघांनी फोनवर ठरवून घ्यावे : काय चालेल, काय नाही, फोटो कुठे टाकायचे, कोणाला पाठवायचे नाहीत. काही समाजसंस्था प्री-वेडिंगवर बंदी घालावी म्हणून ठराव करतात, तर काही घरांत मुलीची इच्छा नसताना ‘त्यांच्याकडे हवंय’ म्हणून शूट होते. दोन्हीकडे ज्यांचे लग्न आहे त्यांना कोणी विचारत नाही. डॉक्टर म्हणून मी एवढेच पाहतो की नकार गिळून काढलेल्या फोटोत हसू येत नाही, आणि त्या दिवशी गिळलेला नकार पुढे कधी डोकेदुखी, कधी छातीत धडधड होऊन ओपीडीत येतो.

शरीराकडून थोडी मदत घेता येते. कॅमेऱ्यापुढे जाण्याआधी खांदे कानांपर्यंत उचलून एकदम सोडून द्यावेत, दोन-तीनदा. श्वास नाकाने घेऊन तोंडाने सावकाश सोडावा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती थोडी उतरते. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर दाबलेले नसावेत. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे अलगद टेकवले की जबडा आपोआप सैल होतो. अधूनमधून पाण्याचा घोट घ्यावा. डोळे रोखून लेन्सकडे पाहत राहू नये; खाली किंवा जोडीदाराकडे पाहावे आणि फोटोग्राफरने हाक मारल्यावर वर पाहावे. त्या पहिल्या क्षणाचा फोटो जिवंत असतो. ‘वन, टू, थ्री’ मोजत असाल तर थ्री झाल्यानंतर एक सेकंद थांबून आणखी एक क्लिक करा. फोटो झाला असे वाटून माणूस सुटकेने हसतो, ते हसू भावनेच्या वाटेने आलेले असते.

उपाशीपोटी शूट करू नका. वजन उतरवायला आठवडाभर फक्त ताक आणि काकडी खाऊन आलेली मुलगी दुपारी चक्कर येऊन पडते. भर दुपारचे ऊनही टाळा. उन्हात डोळे मिचमिचे होतात, त्याला कोणतीच सूचना लागू पडत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्याचा मोह असेल तर लक्षात ठेवा, निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा राज्यातल्या नीचांकासाठी दरवर्षी बातमीत असतो. तशा पहाटे बिनबाह्यांच्या गाऊनमध्ये उभ्या राहिलेल्या नवरीच्या चेहऱ्यावर प्रेम दिसत नाही, हुडहुडी दिसते. शाल द्या, फोटोपुरती काढा. धरणाच्या भिंती, विहिरीचे कठडे, नदीपात्रातले निसरडे खडक हे तर वर्ज्यच. पोज देताना मागे सरकणाऱ्याला मागचे दिसत नाही.

आता थोडे गंभीर. काही मुले फोटोत तोंड उघडून हसत नाहीत, कारण त्यांचे तोंड उघडतच नाही. त्यांना वाटते आपण लाजतो, फोटोग्राफरला वाटते पोरगा अवघडला आहे. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे गुटखा, मावा, सुपारी चघळून गालांच्या आतला थर जाड आणि कडक झालेला असतो. सुरुवातीला तिखट लागताच तोंडाची आग होते, मग आतली कातडी पांढुरकी पडते, गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडते. याचे मुख्य कारण तंबाखूपेक्षाही सुपारी आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला कर्करोगकारक ठरवले आहे. ही कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, हे वाक्य लिहिताना मला स्वतःलाच हसू येते, आणि ते ड्युशेनचे नव्हे.

तपासणी घरी करता येते. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर आधी दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात या, प्री-वेडिंग नंतर. लवकर आलात, सुपारी कायमची सुटली, तर व्यायाम आणि औषधांनी फरक पडतो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी मोफत आहे. मुलीकडच्यांनी पत्रिका जरूर पाहावी, पण तीन बोटांची चाचणीही पाहावी, असे मी आता उघड सांगतो. एका मावशींनी ती होणाऱ्या जावयावर माझ्यासमोरच करून पाहिली.

हसू अचानक एका बाजूला वाकडे दिसू लागले, तर तो लाजण्याचा प्रकार नाही. कपाळासकट अर्धा चेहरा लुळा पडला, एक डोळा मिटेना, तर बहुधा चेहऱ्याच्या नसेचा लकवा असतो. त्यावर पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झाले तर चांगला उपयोग होतो. तोंड वाकडे होऊन सोबत हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका समजून १०८ ला फोन करावा. घरी कपाळाचा आणि डोळ्याचा कीस काढत बसू नये. चेहरा अचानक वाकडा झाला की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

शूटच्या महिनाभर आधी गोरे होण्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली क्रीम हा आणखी एक त्रास. यातल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असते. पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग लाल होतो, पुरळ येते, केस वाढतात आणि मलम बंद केले की आग होते. नाव-गाव नसलेल्या काही क्रीममध्ये पारा सापडला आहे. केरळमधील डॉक्टरांना अशा क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा विशिष्ट आजार आढळला होता. डबीवर उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसेल तर ती चेहऱ्याला लावू नये, मग ती पार्लरवाल्या ताईंनी कितीही प्रेमाने दिलेली असो.

आणि ती गोळी? धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे आहेत, काही कलाकार ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतात. पण दमा असलेल्याला तीच गोळी जीवघेणी ठरू शकते, नाडी मंद असलेल्याला बेशुद्ध पाडू शकते. मित्राच्या खिशातून घ्यायची ती वस्तू नव्हे. झोपेच्या गोळ्यांनी डोळे जड दिसतात आणि त्यांची सवय लागते. शूटच्या आधी ‘थोडी बिअर’ हा सल्लाही मी ऐकला आहे. त्यानंतर गाडी कोण चालवतो, ते मला आमच्या महामार्गावरच्या अपघातांत पाहावे लागते. फोटोपुरत्या लाजेला गोळी लागत नाही.

मात्र एक सीमारेषा आहे. फोटोच नव्हे तर चारचौघांत जेवायला, बँकेत सही करायला, वर्गात हजेरी द्यायलाही भीती वाटते, त्या भीतीपायी नोकरीची मुलाखत, लग्नकार्ये टाळली जातात आणि हे महिनोन्‌महिने चालते, तर तो लाजरेपणा नाही, समाजभयाचा आजार आहे. तसेच कोणाला तरी दिसणारही नाही अशा एखाद्या व्यंगाचा विचार दिवसाचे तास खात असेल, सारखे आरसे, सारख्या सेल्फी, सारखे खोडणे चालू असेल, तर तोही आजार आहे आणि नाकाच्या ऑपरेशनने तो बरा होत नाही. दोन्हींवर समुपदेशन आणि औषधांनी चांगला गुण येतो. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून, मोफत बोलता येते. ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणून थांबू नका. लग्नात तर फोटो आणखी वाढतात.

जाता जाता मांडवातल्या सामुदायिक फोटोबद्दल, कारण तिथे कोणीतरी डोळे मिटतोच आणि मग तो फोटो फ्रेम करायचा की नाही यावरून वर्षभर कुरबुर चालते. आपण मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. ऑस्ट्रेलियातल्या निक स्व्हेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी, एकाचेही डोळे मिटलेले नसतील असा फोटो मिळण्यासाठी किती फोटो काढावे लागतील, याचे गणित केले आणि २००६ मध्ये त्यांना त्यासाठी गमतीचे ‘इग नोबेल’ मिळाले. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. बारा जणांच्या कुटुंबाला दिवसा चार फोटो पुरेत, रात्री मांडवात सहा. पन्नास माणसे स्टेजवर चढवलीत, तर सगळ्यांचे डोळे एकाच वेळी उघडे सापडण्याची आशा जवळजवळ सोडून द्यावी, असे त्यांचे गणित सांगते. आपल्याकडे पन्नास म्हणजे फक्त मामाकडचे.